दोन फुटी प्लांटेड टाकीला सीओटू (कार्बन डायऑक्साइड): यीस्ट, सायट्रिक की सिलिंडर? (इंदूर, नर्मदा आणि बोअरचं पाणी)

हिरवी_टाकी (इंदूर)

नमस्कार मंडळी. माशांची, आत झाडं लावलेली टाकी, २ × १ × सव्वा फूट. खाली बारीक खडी, हँग-ऑन फिल्टर, ३६ वॅटचा एलईडी सकाळी ९ ते संध्याकाळी ७ चालू. झाडं: रोटाला, लुडविगिया, हेअरग्रास आणि मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया. मासे: १२ निऑन टेट्रा, ४ ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे), थोड्या चेरी कोळंब्या.

अडचण अशी की वॅलिस्नेरिया जोरात वाढते आहे, पण रोटाला खालून पानं टाकते, शेंडे बारीक आणि फिकट येतात. जुन्या पानांच्या कडेला काळं, केसाळ शेवाळ धरलंय. दुकानदार म्हणतो सीओटू द्या, नाहीतर बाटलीतला 'लिक्विड कार्बन' घाला. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, कमी पडलं की बोअरचं घालतो.

विचारायचं हे: सीओटू खरंच लागेल का? नवख्यानं कुठल्या पद्धतीनं सुरुवात करावी? किती द्यायचा? आणि मासे मरणार नाहीत ना? सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे.

---

शेवाळ_शत्रू

लागेल, पण आधी दिवा कमी करा. काळं शेवाळ सीओटूच्या बाटलीआधी दिव्याकडे बोट दाखवतंय. प्रकाश म्हणजे झाडाला दिलेली कामाची ऑर्डर आणि कार्बन म्हणजे कच्चा माल. दहा तास ऑर्डर देऊन माल दिला नाही तर झाड उपाशी राहतं, जुनी पानं सोडून देतं, आणि त्या मरत्या पानांवर शेवाळ बसतं. आजपासून दिवा ६ तास, आणि टायमरवरच. हातानं चालू-बंद करणं सोडा, कारण रोज अर्धा तास इकडे-तिकडे झालेलंही शेवाळाला पथ्यावर पडतं.

वॅलिस्नेरिया जोरात आणि रोटाला मरगळलेली, ही तुम्ही दिलेली सगळ्यात उपयोगाची माहिती आहे. वॅलिस्नेरियाला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन ओढता येतो. रोटालाला ते जमत नाही, तिला विरघळलेला सीओटूच हवा. म्हणजे तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहे आणि मोकळा सीओटू कमी. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पानाच्या अगदी लगतचा सीओटू संपला की नवा यायला वेळ लागतो. हीच रोटाला आपल्याकडे भातखाचरात, ओल्या जमिनीत अर्धी हवेत उभी असते तेव्हा तिला कसलीच कमतरता नसते. टाकीत पूर्ण बुडवली की मग तिची ओढाताण सुरू होते.

लिक्विड कार्बनचं नाव ऐकून फसू नका. त्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असतं, म्हणजे जंतुनाशक. ते शेवाळाला मारतं, पण सीओटूची जागा घेऊ शकत नाही. शिवाय वॅलिस्नेरिया आणि मॉस त्यानं वितळतात, म्हणजे तुमच्या टाकीतलं जे एक झाड बरं चाललंय तेच आधी जाईल. उघड्या हातानं हाताळायचं नाही, वास घ्यायचा नाही.

आणखी एक मार्ग आहे, तोही सांगून ठेवतो. दिवा मंद करा, रोटाला-हेअरग्रास काढून अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन लावा. मग सीओटूची गरजच नाही, आणि त्या टाकीही सुंदर दिसतात. पण लाल शेंड्यांची रोटाला आणि हिरवळीसारखा पसरलेला हेअरग्रास हवा असेल तर सीओटू द्यावाच लागेल.

---

यीस्टचा_बुडबुडा

यीस्टनं सुरुवात करा, खर्च नगण्य. यीस्ट साखर खातं आणि सीओटू सोडतं. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा सुकं यीस्ट, अर्धा चमचा खायचा सोडा, दीड लिटर कोमट पाणी. वर चार बोटं जागा सोडा, नाहीतर फेस नळीत चढतो. मध्ये एक छोटी रिकामी बाटली ठेवा, म्हणजे फेस आलाच तर तिथे अडेल, टाकीत जाणार नाही. दोनेक आठवडे चालतं. नळीच्या टोकाला सिरॅमिक डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करणारी चकती) नको, यीस्टचा दाब त्याला पुरत नाही. लाकडी एअरस्टोन लावा किंवा नळी फिल्टरच्या शोषणाऱ्या तोंडाशी धरा, पंख्यातून बुडबुडे बारीक होतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: यीस्टच्या नळीवर कधीही बंद होणारा व्हॉल्व्ह लावायचा नाही. यीस्ट थांबत नाही, बाटली फुटेल.

---

शेवाळ_शत्रू

कृती बरोबर आहे, पण या टाकीला मी यीस्ट सुचवणार नाही. पहिले चार दिवस धो धो, दुसऱ्या आठवड्यात मरगळ. इंदुरात मे महिन्यात खोली ३६-३८ अंशांवर गेली की बाटली आठवड्यातच संपते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बुडबुडे मोजावे लागतात. काळ्या शेवाळाला कमी सीओटूपेक्षा वर-खाली होणारा सीओटू जास्त मानवतो. शिवाय यीस्ट रात्री बंद करता येत नाही: दिवा नसताना झाडं सीओटू घेत नाहीत, उलट तीही सोडतात, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येतात. एक फुटाच्या टाकीत, दोन-चार झाडांना यीस्ट ठीक आहे. इथे सायट्रिक-सोड्याचा दोन बाटल्यांचा किट घ्या, त्यात आम्ल सोड्यात उतरून सीओटू तयार होतो.

---

मालव्याची_मासोळी

सीओटू चढवायच्या आधी पाणी समजून घ्या, नाहीतर सगळे आकडे चुकतील.

केएचचा (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) थेंबांचा टेस्ट किट घ्या. पट्ट्यांच्या भरवशावर राहू नका. नळाचं, बोअरचं आणि टाकीचं असे तीन वेगळे नमुने तपासा. मालव्याच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा नदीच्या पाण्यापेक्षा जड निघतं. तुम्ही एका आठवड्यात नर्मदा आणि दुसऱ्या आठवड्यात बोअर घालता, त्यामुळे टाकीचा केएच आणि त्याबरोबर पीएच दर पाणीबदलाला हलतो. एक प्रमाण ठरवा आणि तेच पाळा. समजा दोन बादल्या नळाचं, एक बोअरचं, तर दर वेळी तसंच. पाणी ज्या दिवशी येतं त्याच दिवशी एखादा ड्रम भरून ठेवलात तर प्रश्नच मिटतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटिक्लोरीन घालायला विसरू नका.

जड पाण्यात सीओटू विरघळत नाही असं पुष्कळ लोक सांगतात. हे खरं नाही. तेवढाच विरघळतो. फक्त पीएच जास्त दिसतो. हिशेब असा: सीओटू पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) = ३ × केएच × १० चा (७ वजा पीएच) घात. साधारण ३० पीपीएम हवा असेल तर केएच ४ ला पीएच ६.६ येतो, केएच ८ ला ६.९, आणि केएच १२ ला ७.१. म्हणून "पीएच ६.६ झालाच पाहिजे" असं धरून केएच १२ च्या पाण्यात वायू सोडत राहिलात तर सीओटू ९० च्या वर जाईल आणि मासे तळाशी आडवे दिसतील. दुसऱ्याच्या टाकीचा पीएच आपल्या टाकीला लावायचा नाही तो यासाठी.

हे सूत्र पाण्यात फक्त कार्बोनेटच असेल तेव्हा बरोबर चालतं. ड्रिफ्टवुडचं, पानांचं आम्ल असेल तर आकडा फुगतो. म्हणून दोन साध्या युक्त्या. पहिली: टाकीचं ग्लासभर पाणी २४ तास उघडं ठेवून त्याचा पीएच घ्या, मग सीओटू पूर्ण चालू असताना टाकीचा घ्या. दोन्हींत साधारण १ चा फरक पडला की तुम्ही ३० च्या आसपास आहात.

दुसरी: ड्रॉप चेकर. काचेचा छोटा गोळा, तोंड खाली करून टाकीत चिकटवायचा, आत निळा द्रव. निळा म्हणजे कमी, पोपटी-हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे जास्त. यात टाकीचं पाणी भरू नका. ही चूक सगळेच करतात. आत नेमकं ४ केएचचं द्रावण लागतं, आणि ते घरी होतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी १ लिटर, त्यात १.२ ग्रॅम खायचा सोडा. हे झालं ४० केएच. यातलं १०० मिली घ्या, त्यात ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, म्हणजे ४ केएच. त्यातलं २-३ मिली गोळ्यात आणि वर ब्रोमोथायमॉल ब्लूचे (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य) तीन-चार थेंब. सरळ ०.१२ ग्रॅम मोजायला गेलात तर स्वस्त काटा चुकतो, म्हणून आधी दाट करून मग पातळ करायचं.

ड्रॉप चेकर दीड-दोन तास मागे चालतो हे ध्यानात ठेवा. आत्ता दिसणारा रंग म्हणजे दोन तासांपूर्वीची टाकी. व्हॉल्व्ह फिरवून पाच मिनिटांनी रंग बघायचा आणि पुन्हा फिरवायचा, यातच मासे जातात.

---

हिरवी_टाकी (इंदूर)

ताई, दादा, खूप आभार. दिवा ६ तासांवर आणला. केएच तपासला: नळ ६, बोअर १३, टाकी ९. म्हणजे घोळ तिथेच होता. आता फक्त नळाचं पाणी साठवून वापरेन. सायट्रिकचा किट मागवतो. दोन बाटल्यांत काय आणि किती घालायचं, डिफ्यूझर कुठे लावायचा, आणि लाइट गेली तर काय होतं, हे कुणी सविस्तर सांगाल का?

---

शेवाळ_शत्रू

सांगतो. घाई करायची जागा नाही ही, त्यामुळे थोडं लांबेल.

सामान. २ लिटरच्या दोन कोल्ड्रिंकच्या बाटल्या, एकाच कंपनीच्या, नव्या, न चेपलेल्या. पाण्याच्या बाटल्या चालणार नाहीत, त्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. काचेची तर कधीच नाही. सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्व. सियागंजातल्या किराणा दुकानात 'नींबू का सत' म्हणून किलोवर मिळतं. सोडा खायचा घ्या. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडाही नको. बाकी दाबमापक आणि बारीक सुईचा व्हॉल्व्ह असलेली टोपण-जोडी, पितळी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारा), बबल काउंटर (बुडबुडे मोजायची छोटी नळी), डिफ्यूझर. नळी पीयूची (पॉलियुरेथेनची), ४ × ६ मिमी. एअरपंपाची मऊ सिलिकॉन नळी वापरू नका, तिच्या अंगातूनच सीओटू झिरपून जातो.

भरणं. पहिल्या बाटलीत २०० ग्रॅम लिंबूसत्व आणि ६०० मिली पाणी, पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. तळाशी खडे राहिले तर ते बारीक नळीत अडकतात. दुसऱ्या बाटलीत २०० ग्रॅम सोडा आणि २०० मिली पाणी. हा सोडा विरघळणार नाही, चिखल होईल, तसाच हवा. आम्लात जाणारी लांब नळी बाटलीच्या तळाला टेकली पाहिजे. टोपणांच्या आतलं रबर वॉशर जागेवर आहे का बघा. हातानं घट्ट करा, पाना लावू नका.

वजनं बरोबरीची का, हेही कळलं तर पुढे चुका कमी होतील. सोडा पूर्ण संपवायला त्याच्या सुमारे आठ दशांश वजनाचं आम्ल पुरतं. सारखं घेतलं की आम्ल थोडं उरतं आणि सोडा वाया जात नाही. २०० ग्रॅम सोड्यातून साधारण १०५ ग्रॅम सीओटू निघतो, म्हणजे साठेक लिटर वायू. गळती नसेल तर तुमच्या टाकीला तीन ते पाच आठवडे.

सुरू करणं. सुईचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद. आम्लाची बाटली दोन्ही हातांनी हलकेच दाबा, थोडं आम्ल सोड्यात उतरेल, फसफसेल, दाबमापकाचा काटा चढेल. अर्धा मिनिट थांबा. काटा १ च्या खाली असेल तर पुन्हा एकदा, तेवढ्याच बेतानं. १ ते २ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) मध्ये आला की पुरे. एकदम जोरात दाबलं तर बचकभर आम्ल जातं आणि काटा लाल पट्ट्यात शिरतो. तसं झालं तर व्हॉल्व्ह सावकाश उघडून वायू खोलीत सोडा, टाकीत नाही. पुढे सोड्याच्या बाटलीतला दाब उतरला की आम्ल आपलं आपण थोडं थोडं सरकत राहतं.

आता साबणाचं पाणी. भांड्याच्या साबणाचा फेस जुन्या ब्रशनं प्रत्येक जोडावर लावा: दोन्ही टोपणं, व्हॉल्व्हचा दांडा, चेक व्हॉल्व्हची दोन्ही तोंडं. टाचणीच्या डोक्याएवढा फुगा जरी हळूहळू मोठा होताना दिसला तरी तिथे गळती आहे. "महिनाभर चालेल म्हणाले आणि पाच दिवसांत संपलं" ही तक्रार दहातल्या नऊ वेळा इथलीच असते.

चेक व्हॉल्व्ह हा सुईचा व्हॉल्व्ह आणि बबल काउंटर यांच्या मध्ये, बाणाची दिशा टाकीकडे. हा उलटा लागला तर वायू जाणार नाही. लावलाच नाही तर दाब संपल्यावर टाकीचं पाणी उलटं बाटलीत आणि तिथून फरशीवर येतं.

डिफ्यूझर फिल्टरच्या धारेच्या समोरच्या बाजूला, तळापासून दोन-तीन इंच वर. कसोटी डोळ्यांनी करायची. धुक्यासारखे बारीक बुडबुडे सरळ वर जाऊन फुटत असतील तर जागा चुकली. ते धारेत सापडून आडवे वाहिले पाहिजेत, आणि समोरच्या कोपऱ्यात हेअरग्रासची पाती हलकी डुलताना दिसली पाहिजेत. पाती हलत नाहीत तिथे सीओटूही पोचत नाही, खतही नाही. हँग-ऑन फिल्टर वरून पाणी पाडतो त्यामुळे वायू उडून जातो. पाण्याची पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत भरून ठेवा, म्हणजे धबधबा होणार नाही. पृष्ठभाग मात्र थोडा हलता हवा. तवंग धरलेलं स्थिर पाणी नको.

मात्रा. तुमची टाकी काठोकाठ ७० लिटरची, खडी-झाडं वजा जाता ५५ धरा. पहिले तीन दिवस दोन सेकंदांना एक बुडबुडा. मग दर दोन दिवसांनी थोडा वाढवत सेकंदाला एकापर्यंत. बुडबुड्यांचा आकडा फक्त आपल्याच काउंटरशी ताडायला वापरा, दुसऱ्याच्या काउंटरचा बुडबुडा लहान-मोठा असतो. वाढवायचा तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे दिवसभर माशांवर नजर राहील. कामावर निघताना व्हॉल्व्हला हात लावू नका.

वेळ. दिवा लागायच्या दीड तास आधी सीओटू सुरू, दिवा विझायच्या एक तास आधी बंद. झाडं सकाळी पहिल्या दोन-तीन तासांतच सगळ्यात जास्त खातात. दिवा लागताना ड्रॉप चेकर हिरव्याच्या वाटेवर हवा. टायमरवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) लावलात तर रोजचं उठून फिरवणं वाचतं. यीस्टच्या उलट, ही बाटली बंद राहू शकते.

लाइट. हे इथे फार कुणी बोलत नाही. सोलेनॉइड वीज गेली की स्वतःहून बंद होतो, म्हणून तो सुरक्षित. हाताच्या व्हॉल्व्हवर मात्र फिल्टर थांबतो आणि सीओटू चालूच राहतो: पाणी हलत नाही, वायू साठतो, मासे गुदमरतात. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि सोलेनॉइड एकाच बोर्डावर घ्या. सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर साध्या लाइनवर, ही सगळ्यात घातक जोडणी.

आता माशांचं. टेट्रा वर येऊन भराभर तोंड उघडताहेत, ओटो काच सोडून पृष्ठभागाशी लोंबताहेत, कोळंब्या खाणं सोडून निपचित बसल्यात, यातलं काहीही दिसलं की आधी सीओटू बंद, मग एअरपंप चालू, मग एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला, त्याच तापमानाचं, अँटिक्लोरीन घातलेलं. कारण शोधत बसायचं नंतर. एअरपंप कपाटात नाही, टाकीशेजारी जोडून ठेवा. मे-जूनमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच्या आसपास, तेही समुद्रसपाटीला. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथे आणखी थोडा कमी. म्हणून उन्हाळ्यात सीओटू जरा खाली ठेवा आणि रात्री हवा चालू.

---

मालव्याची_मासोळी

खतावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कार्बन मिळाला की झाडाची भूक सगळ्याच बाजूंनी वाढते. नुसता सीओटू देऊन नायट्रोजन-स्फुरद-पालाश दिला नाही तर दोन आठवड्यांत पानांना भोकं पडतात आणि लोक म्हणतात सीओटूनं बिघडलं.

महागड्या बाटल्या नकोत. शेतीच्या दुकानात ठिबकसाठी विकतात ती विद्राव्य खतं चालतात: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. १९:१९:१९ मात्र टाकीत घालू नका, त्यात अमोनियाकल नत्र आणि युरिया असतो, मासे आणि कोळंब्या दोन्हींना विषारी ठरतो. ५५ लिटरला १३:०:४५ एक ग्रॅम घातलं की नायट्रेट साधारण ११ पीपीएमनं वाढतं. ०:५२:३४ चा फक्त एक दशांश ग्रॅम, फॉस्फेट सव्वा पीपीएम. आठवड्यातून एकदा पाणी बदलल्यावर एवढं आणि मध्ये एकदा निम्मं. लोह आणि सूक्ष्म द्रव्यं वेगळ्या दिवशी, कारण फॉस्फेटबरोबर घातलं की लोह खाली बसतं. आणि दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदल, तुमच्या टाकीला २२ लिटर.

---

सिलिंडर_२किलो (वडोदरा)

सायट्रिकवर सहा महिने हात बसला की सिलिंडरकडे या. तोपर्यंत दोन-तीन गोष्टी कानावर असू द्या, कारण सिलिंडरच्या चुका महाग पडतात.

जुनं आग विझवायचं सीओटूचं नळकांडं स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका. त्यात तळापर्यंत नळी असते, त्यामुळे वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करणारं यंत्र) गोठून खराब होतो. साधा सिलिंडरही आडवा केला तर हेच. उभा, भिंतीला पट्ट्यानं बांधलेला हवा. घेताना मानेवरची चाचणीची तारीख वाचा. भरताना दाबावर नाही, वजनावर भरून घ्या: रिकामं वजन कोरलेलं असतं, वर २ किलो म्हणजे २ किलोच. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, आणि इंदूर काय, वडोदरा काय, उन्हाळ्यात खोली त्याच्या पुढे असते. जास्त ठासून भरलेल्या सिलिंडरचा दाब तिथे झपाट्यानं चढतो.

परदेशी रेग्युलेटरचा नट आपल्याकडच्या व्हॉल्व्हवर बसेलच असं नाही. आधी दुकानात नेऊन लावून बघा. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्या जोडाला वॉशर सील करतो, आटे नाही.

रेग्युलेटरवरचा सिलिंडरचा दाब दाखवणारा मोठा काटा महिनोन्महिने जवळपास एकाच जागी राहतो, कारण आत द्रव आहे. तो रोजच्यापेक्षा खाली यायला लागला म्हणजे द्रव संपला. त्याच दिवशी सिलिंडर बदला. शेवटपर्यंत ताणला तर साध्या एकटप्पी रेग्युलेटरचा बाहेरचा दाब वाढतो आणि उरलेला वायू एका रात्रीत टाकीत ओतला जातो.

आणि खिडकी. दहा बाय दहाच्या बंद खोलीत २ किलो सगळा एकदम गळला तर हवेत सीओटू ४ टक्क्यांपर्यंत जातो. तो जड असतो, खाली साठतो, आणि एवढं प्रमाण माणसालाही धोक्याचं आहे. लहान मुलं जमिनीवर झोपतात त्या खोलीत सिलिंडर नको.

---

हिरवी_टाकी (इंदूर)

किट आला, सोलेनॉइड टायमरवर, फिल्टरशी एकाच बोर्डावर. आज पाचवा दिवस. काटा दीडवर, सेकंदाला एक बुडबुडा. मासे मजेत. पण दुपारी १ वाजता, दिवा लागून दोन तास झाल्यावरसुद्धा ड्रॉप चेकर गडद निळाच. द्रावण ताईंनी सांगितलं तसंच केलंय. बुडबुडे वाढवू का?

---

शेवाळ_शत्रू

अजून नाही. आधी डिफ्यूझरकडे बघा: काउंटरमध्ये सेकंदाला एक जातोय तेवढंच धुकं डिफ्यूझरमधून निघतंय का? काउंटर धावतोय आणि डिफ्यूझरच्या चकतीवर फक्त एका कडेनं मोठे बुडबुडे सुटताहेत, तर गळती काउंटरच्या पुढे आहे किंवा चकती नीट भिजलेली नाही. चकती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. काउंटर ते डिफ्यूझर नळी बदललीत का? किटबरोबर बऱ्याचदा पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा येतो.

---

हिरवी_टाकी (इंदूर)

हो, तोच लावलाय. आणि धुकं एकाच कडेनं येतंय, बरोबर ओळखलंत.

---

शेवाळ_शत्रू

तो तुकडा काढून पीयू लावा, चकती भिजवा, आणि ड्रॉप चेकर डिफ्यूझरच्या वर नाही तर विरुद्ध टोकाला, मधल्या उंचीवर चिकटवा. बुडबुडे थेट त्याच्या तोंडात शिरले तर खोटा हिरवा दिसेल. बुडबुड्यांचा वेग आहे तोच ठेवा, कारण गळती बंद झाल्यावर त्याच वेगात टाकीला आजच्यापेक्षा जास्त मिळेल. दोन दिवसांनी, दिवा लागून दोन तासांनी रंग सांगा. शेवाळ धरलेली जुनी पानं आजच कात्रीनं देठापासून काढून टाका, ती परत हिरवी होत नाहीत. रोटालाचे शेंडे चार इंचांवर छाटून तेच पुन्हा खडीत खोचा, खालचे बोडके दांडे टाकून द्या.

---

मालव्याची_मासोळी

आणि चकती महिन्याभरानं हिरवी पडेल तेव्हा घासू नका, बारीक छिद्रं बुजतात. एक भाग ब्लीच, वीस भाग पाणी, त्यात दोन तास. मग भरपूर धुवा, अँटिक्लोरीनच्या पाण्यात रात्रभर ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच टाकीत. ब्लीच आणि लिंबूसत्व एकाच बादलीत कधी येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.